दारात हत्ती, दूध मात्र पिशवीचं: मुंबईत निवृत्तीचं गणित कसं बसवायचं?

कन्नमवारकर · रवि, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चूकभूल द्यावी घ्यावी.

येत्या ३१ मार्चला ५८ पूर्ण करून निवृत्त होतोय. खाजगी कंपनी, जानेवारी १९९९ पासून एकाच ठिकाणी. राहायला विक्रोळी, कन्नमवार नगर. म्हाडाच्या जुन्या इमारतीचा पुनर्विकास झाला आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. एजंट म्हणतो, दीड कोटीला उद्या गिऱ्हाईक आणतो. नातेवाईक म्हणतात, तुला रे कसली चिंता, करोडपती तू. खरं आहे. दारात हत्ती झुलतोय, पण दूध पिशवीचंच आणावं लागतं.

जमेची बाजू सांगतो. पीएफ ४६ लाख. पीपीएफ १४. मुदत ठेवी ११, त्यातल्या ७ एकाच सहकारी बँकेत. म्युच्युअल फंड ९. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून ५२ हजार, म्हणजे २७ वर्षांची ग्रॅच्युइटी ८ लाख १० हजार. शिल्लक रजेचे १ लाख ९०. एकूण ९० लाख. शिवाय ईपीएसचं (पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेचं) पेन्शन ६,२०० येईल असं आमच्याकडचा एक जण म्हणाला.

खर्च महिना ४८ हजार. त्यात मेन्टेनन्सच ७,८००. जुन्या घरात ९०० भरायचो! सौ. घरी शिकवण्या घेते, त्याचे सहा-सात हजार येतात, पण ते धरत नाही. तिचे गुडघे किती वर्षं साथ देतील सांगता येत नाही.

आता खरी मेख. मुलगा २८ चा, लग्न ठरलंय. घोडबंदर रोडला फ्लॅट बघितलाय, डाऊन पेमेंटला २५ लाख कमी पडतायत. त्याने तोंड उघडून मागितलेले नाहीत. फक्त ब्रोशर टीपॉयवर ठेवून गेलाय. गेले तीन आठवडे ते तिथेच आहे. कामवाली त्याच्याखालून पुसते आणि परत तसंच ठेवते.

९० लाख कसे लावू, आणि त्यातले त्याला किती देऊ?

थालीपीठ · रवि, रात्री १०:५५

वाखुसा (वाचनखूण साठवली). बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. ब्रोशरवाला प्रसंग आमच्याकडे पण झालाय, फक्त ठेवणारी मी होते :(

बुल_मार्केटचा_बैल · रवि, रात्री ११:१०

काका, ९० च्या ९० लाख इक्विटीत, म्हणजे शेअरवाल्या फंडांत टाका, एसडब्ल्यूपी (दरमहा ठरावीक रक्कम काढायची सोय) लावा, महिन्याला ५० हजार काढा. वर्षाला १२-१४ टक्के सहज सुटतात. एफडी म्हणजे महागाईच्या तोंडी पैसे देणं.

पासबुक_भरून_द्या · सोम, सकाळी ७:२०

सहज काय सुटतं ते खाली कोणीतरी सांगेलच. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे माझं डोकं काउंटरच्या बाजूने चालतं.

कन्नमवारकर, आधी एक वाईट बातमी. ईपीएसचे ६,२०० विसरा. तुमच्या सहकाऱ्याने १५,००० गुणिले २९ भागिले ७० केलेलं दिसतंय (२७ अधिक वीस वर्षांवरच्या नोकरीची २ वाढीव). पण १५ हजारांची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ पासून लागली. त्याआधी ती साडेसहा हजार होती आणि तोपर्यंतच्या सेवेचा हिशोब साडेसहा हजारांवरच होतो. तुमची पंधरा-साडेपंधरा वर्षं जुन्या मर्यादेत गेली. हाती येतील ते चार हजारांच्या थोडे वर. आमच्या शाखेत पहिलं पेन्शन जमा झालं की असे चेहरे पडलेले मी किती पाहिलेत! माणूस म्हणतो, साहेब, चुकून अर्धंच आलं का हो?

आता चांगली बातमी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, म्हणजे एससीएसएस. ती साठीनंतरच मिळते असं बहुतेकांना वाटतं. नियत वयाला निवृत्त झालेल्यांना ती ५५ नंतरही उघडता येते. अट अशी की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायची. पूर्वी एकच महिना होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन केले. रक्कम निवृत्तीच्या लाभांपेक्षा जास्त नको. तुम्ही ही मुदत चुकवलीत तर साठपर्यंत दोन वर्षं हात चोळत बसाल. पीएफ ज्या दिवशी खात्यात येईल त्या दिवशी पासबुक भरून घ्या आणि तारखेवर गोल करा. पोस्टात पुरावा मागतात.

कमाल ३० लाख (२०२३ च्या अर्थसंकल्पापर्यंत १५ च होती). सध्याचा दर ८.२ टक्के आणि उघडताना असेल तो दर पाच वर्षं पक्का. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००, महिन्याचे साडेवीस हजार. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना दोघांच्या नावाने १५ लाखांपर्यंत, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. पेन्शन धरून ३३-३४ हजार झाले. उरतात ४५ लाख आणि महिन्याची १४ हजारांची तूट.

ही तूट पीपीएफ मोडून भरू नका. मुदत संपली असेल तर पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं आणि ७.१ टक्के करमुक्त आहे. सोन्याची कोंबडी ती, रस्सा करू नये.

जुना_गिरणगावकर · सोम, सकाळी ९:०५

बैलोबा, माझे थोरले बंधू डिसेंबर २००७ ला निवृत्त झाले. तेव्हाही असेच "सहज सुटतात"वाले होते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात. दादाने पीएफमधले ४० टक्के बाजारात घातले. ऑक्टोबरात तोच सेन्सेक्स ९ हजारांच्या खाली. तुम्ही म्हणाल, पुढे वर आलाच की. आला. पण दादाला दर महिन्याला किराणा भरायचा होता, म्हणून तो पडलेल्या भावाने युनिट विकत राहिला. बाजार वर आला तेव्हा त्याच्याकडे वर जायला फारसं काही उरलंच नव्हतं. नोकरीत असताना बाजार पडला तर स्वस्तात मिळतं. निवृत्तीच्या पहिल्या दोन-चार वर्षांत पडला आणि त्यातूनच खायचं असेल, तर बियाणंच दळून खाल्ल्यासारखं होतं.

आमच्या वडिलांचं तर विचारूच नका. ८२ च्या संपानंतर गिरणी उघडलीच नाही. पेन्शन हा शब्द आमच्या चाळीत फक्त बीपीटी (पोर्ट ट्रस्ट) आणि रेल्वेवाल्यांच्या घरी ऐकू यायचा.

बुल_मार्केटचा_बैल · सोम, सकाळी ९:३१

ओके, पहिल्या वर्षांची रिस्क मान्य. पण म्हणून शून्य इक्विटी?

कोरा_चेक · सोम, दुपारी १:१५

बैल इथे बरोबर आहे, आणि हे मी लिहितोय याचं मलाच नवल वाटतंय.

पासबुककाकांचा हिशोब आजचा आहे. आजचे ४८ हजार महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांनी ९६ हजार होतात. काका तेव्हा सत्तर, वहिनी त्याहून लहान. पोस्टाचे साडेवीस हजार मात्र तिथेच, वर दर पाच वर्षांनी जो असेल तो नवा दर घ्यायचा. १९९९-२००० च्या सुमाराला पीपीएफला १२ टक्के मिळायचे, आता ७.१. वडिलांनी त्या दरांवर आखणी केली आणि नंतर दहा वर्षं नुसती चिडचिड केली.

अमेरिकेत विल्यम बेंगेन म्हणून एका सल्लागाराने १९९४ मध्ये हिशोब मांडला होता: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, मग दरवर्षी महागाईइतके वाढवत न्या, तीस वर्षं पुरतील. तो तिकडच्या बाजारावर आणि तिकडच्या महागाईवर बेतलेला, इथे आंधळेपणाने लावू नये. पण मोजपट्टी म्हणून बघा. ९० लाखांचे ४ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. काकांना लागतात ५ लाख ७६ हजार, त्यातले पेन्शनचे जेमतेम ५० हजार. म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या वर चाललेत. आणि यातून २५ लाख आधीच गेले तर?

माझं मत: ४५ लाख पोस्टात, ५-६ लाख हाताशी, आणि उरलेल्यातले २० ते २५ लाख बॅलन्स्ड (शेअर-रोखे मिश्र) किंवा इंडेक्स (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकावर चालणाऱ्या) फंडात, सात-आठ वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. तूट भरायला बाकीच्या ठेवी. पहिली काही वर्षं ठेवी संपवायच्या, तोवर फंड वाढू द्यायचे.

तिखटमीठ · सोम, दुपारी ३:४०

सगळे व्याजदरावर भांडताय, त्या ७,८०० कडे कोणी बघेना. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे (चेंबूर, पुनर्विकासाला सहा वर्षं झाली). कन्नमवारकर, तुमची इमारत दोन वर्षांचीच आहे, म्हणजे अजून लिफ्टची वॉरंटी नुकतीच संपत असेल. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी लिफ्टचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) आला, चौथ्या वर्षी एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) मोटरी, पाचव्या वर्षी आग विझवण्याच्या यंत्रणेचे पंप. पार्किंगचा तो यांत्रिक पाळणा तर महिन्याआड बंद. आमचं बिल ५,२०० वरून ९,४०० वर गेलं. घरखर्चाला ६ टक्के धरा, मेन्टेनन्सला १० धरा.

आणि बिल्डरने दिलेला कॉर्पस, म्हणजे घरटी एकरकमी पैसे? तो वाढलेल्या मेन्टेनन्ससाठीच असतो. आमच्या २४ पैकी १९ जणांनी मॉड्युलर किचन केलं.

एक दिलासा: नवीन घर ५०० चौरस फुटांच्या आत आहे का? असेल तर पालिकेचा मालमत्ता कर माफ आहे, १ जानेवारी २०२२ पासून. बिलात लावलाय का ते एकदा बघा. लावणारे लावतात.

कन्नमवारकर · सोम, रात्री ९:५०

सर्वांचे मनापासून आभार. घर ४८० चं आहे, बिल बघतो. कॉर्पस ४ लाख मिळाला होता. किचन नाही केलं. सोफा, एसी आणि मुलाची बाईक झाली. टीपॉयपण त्यातलाच.

पेन्शनचं वाचून जरा बसलोच.

गावी जाऊन राहायचा पर्याय कोणी केलाय का? सावंतवाडीजवळ वडिलोपार्जित घर आहे. इथलं भाड्याने दिलं तर तीस हजार येतील.

बिनसाखरेचा_चहा · मंगळ, पहाटे ५:५८

मी केलाय. २०१९ ला दहिसर सोडलं, कुडाळ तालुक्यात गेलो. पहिली दोन वर्षं स्वर्ग. अंगणात फणस, खर्च निम्मा, दहिसरचं भाडं २४ हजार. भाड्यावर करात ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तीही चांगली.

मग हिला छातीत दुखलं, रात्री अकराला. तिकडे गंभीर काही झालं की गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, सगळा सिंधुदुर्गच नेतो. उपचार उत्तम झाले, तक्रार नाही. पण ती रात्रीची गाडी, गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका, मागच्या सीटवर तिचा हात धरून मी. त्यानंतर ती म्हणाली, मला दहिसरला न्या. भाडेकरूचा करार संपायला सात महिने होते. ते सात महिने फार लांब गेले.

आता चार महिने तिकडे, आठ इकडे. भाडं बंद. म्हणून सांगतो, भाड्याचे ३० हजार कायमचे धरू नका. ६० ते ७० या वयात मिळणारे म्हणून धरा.

हत्ती विकण्याबद्दलही लिहितो. दीड कोटीचं घर विकून बदलापूरला ६० लाखांचं घेतलं, तर उरलेल्याचे दूध देणारे प्राणी घेता येतात. पण वयाच्या साठीत बदलापूरहून लोकलने रुग्णालयाच्या फेऱ्या मारून दाखवाव्यात कोणीतरी. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली ती काढलीच.

पासबुक_भरून_द्या · मंगळ, सकाळी ७:३५

दवाखान्यावरून आठवलं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ३१ मार्चला संपेल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, ते मार्चच्या आधी एचआरला विचारा. नवीन घेतली तरी जुन्या आजारांना आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पूर्वी चार होती. पाच-सात लाखांची मूळ पॉलिसी आणि वर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी), हे एका मोठ्या पॉलिसीपेक्षा स्वस्त पडतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचे ५ लाख उत्पन्नाची अट न घालता आहेत, पण तुम्हाला त्याला बारा वर्षं आहेत.

आणि सहकारी बँकेतले ते ७ लाख! ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच. फेब्रुवारी २०२० पर्यंत तर एकच लाख होता. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी दोन लाख उघड्यावर ठेवलेत. बँक चांगली असेल, नसेल, मी नाव विचारत नाही. मुदत संपली की फोडा.

अनुस्वार · मंगळ, दुपारी २:२०

मी सहसा लिहीत नाही. वहिनींसाठी लिहितेय.

आमच्याकडे सगळे व्यवहार हे बघायचे. तीन वर्षांपूर्वी अचानक गेले. कपाटाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात नऊ पासबुकं, एका पतपेढीचे शेअर, दोन विमा पॉलिसी आणि एका कागदावर पेन्सिलीने आकडे, नुसतेच आकडे. दोन खात्यांवर फक्त त्यांचं नाव होतं. पण खरा घोळ वेगळाच झाला. धाकट्याने दीड महिन्यात बाबांचं सिम बंद केलं, उगाच रिचार्ज कशाला म्हणून. सगळे ओटीपी त्या नंबरवर. पुढचे आठ महिने मी बोरिवलीच्या एका शाखेत नंबर बदलायला फेऱ्या मारल्या. दरवेळी नवीन अर्ज, दरवेळी "मॅडम, मिस्टरांना घेऊन या". तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी तिथेच हसायला लागले.

तेव्हा खाती दोघांच्या नावाने, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशी. आणि वारसनोंद केली म्हणजे झालं असं समजू नका. शेअर्सच्या बाबतीत नॉमिनी आपोआप मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्र करा. मुलगा एकच असला तरी.

आणि रविवारी संध्याकाळी एकदा वहिनींना शेजारी बसवून सगळं दाखवा. त्या कंटाळतील. तरी दाखवा.

थालीपीठ · मंगळ, दुपारी २:४१

ताई __/\__

कोरा_चेक · मंगळ, संध्या ६:०५

आता ब्रोशर. कोणी हात घालत नाहीये म्हणून मी घालतो. २५ लाख दिले तर ते एससीएसएसच्या दराने महिना १७ हजार होतात. काका, तुमची तूट १४ वरून ३१ वर जाईल. मग पंधरा वर्षांनी तुम्ही त्याच्याकडे दरमहा हात पसराल, तेव्हा त्याचाच मुलगा शाळेत असेल आणि गृहकर्जही चालू असेल. हे त्याला आकड्यांत दाखवा. भावनेत बोललात की हराल.

तिखटमीठ · मंगळ, संध्या ६:३०

असहमत. मुंबईत आज कुठल्या २८ वर्षांच्या मुलाला आईबापांशिवाय घर जमतं? आपल्याला म्हाडाने दिलं, पागडीने दिलं, कंपनीने क्वार्टर दिलं. त्यांना कोण देणार? काही तरी द्यावं. पण पीएफमधून नको, म्युच्युअल फंडाचे ९ द्या फार तर.

बुल_मार्केटचा_बैल · मंगळ, संध्या ६:३४

वाढणारा एकमेव पैसा तोच आहे, तोच देताय!

जुना_गिरणगावकर · मंगळ, संध्या ७:१०

घोडबंदर नको म्हणावं त्याला दोन वर्षं. भाड्याने राहा. लग्नानंतर बायकोचा पगारही कर्जाला धरतात.

कन्नमवारकर · शनि, रात्री ११:२०

उशिरा लिहितोय, घरात अधिवेशन चालू होतं.

गुरुवारी मुलाला समोर बसवून पासबुककाका आणि कोरा_चेक यांचे आकडे कागदावर मांडले. पेन्शन चार हजार आहे हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटत होतं, बाबांना पंचवीस-तीस हजार येणार. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, मला वाटलं तुम्हीच म्हणाल घे म्हणून. होणाऱ्या सुनेशी बोलून आला. घोडबंदर सध्या रद्द, भांडुपला भाड्याने बघतायत. डिपॉझिट आणि थोडंफार सामान, मिळून ४ लाख मी देणार. कॉर्पसइतकेच, योगायोगाने.

एससीएसएस ३०, मासिक योजना १५. सहकारीतले ७ ऑगस्टमध्ये सुटतील तेव्हा दोन ठिकाणी. फंड ९ चे हळूहळू २० करायचे, ठेवी तुटीसाठी. मालमत्ता कर बिलात लावलेला नव्हता, तिखटमीठताई, पण "इतर आकार" म्हणून ६५० होते. सेक्रेटरी विचारून सांगतो म्हणालाय. चार दिवस झाले.

आज सौ.ला सगळं दाखवायला बसलो. पीपीएफला जांभया दिल्या. पण एससीएसएसचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "व्याज तिमाहीला, १ जुलै, १ ऑक्टोबर असं. तुमचा शेवटचा पगार मार्चचा. पीएफ यायला एप्रिल-मे. मग एप्रिल, मे, जूनचं दूधवाल्याला काय सांगू?"

याचा विचार माझ्यासकट इथे कोणीच केला नव्हता.

पासबुक_भरून_द्या · रवि, सकाळी ७:०२

वहिनींना नमस्कार सांगा. चार लाखांच्या मुदत ठेवी आहेत ना सहकारीतल्या सोडून? त्यातली दीड लाखाची एक मार्चअखेर मोडा आणि त्यांच्या खात्यात टाका. तुमच्या नको.